प्रयोग दुसऱ्यांदा करता आला पाहिजे: एकट्याने प्रायोगिक रॉक सादर करणाऱ्यांसाठी

मराठीत ‘प्रयोग’ म्हणजे प्रयोगशाळेत होतो तोही आणि नाट्यगृहात होतो तोही. आवाजाची मोडतोड करणारे, गाता गाता अंगावर माती ओतणारे, माइकलाच वाद्य करणारे कलाकार बहुधा पहिल्या अर्थावर भाळलेले असतात. कारकीर्द मात्र दुसऱ्या अर्थावर उभी राहते. हाच प्रयोग पुढच्या महिन्यात, दुसऱ्या गावात, दुसऱ्याच्या साउंड सिस्टीमवर, दहा मिनिटांच्या साउंड चेकवर होईल का? होणार असेल तर पुढचं आमंत्रण येतं. नाहीतर एका रात्रीची छान आठवण उरते.

इथे चाळीस मिनिटांचा एकपात्री संच उभा करण्याची पद्धत दिली आहे. आवाज, एक यंत्र, एक वस्तू आणि एक शरीर एवढीच सामग्री धरली आहे.

सामग्री आधी कमी करा

पहिली चूक सामान जमवण्याची. या क्षेत्रात जी नावं टिकली त्यांची सुरुवातीची कामं पाहिली तर एकेका कामात एकच कल्पना असते, पण ती शेवटपर्यंत पिळलेली असते. न्यूयॉर्कच्या लॉरी अँडरसनने १९७४-७५ च्या सुमारास रस्त्यावर केलेला व्हायोलिनचा प्रयोग घ्या. पायात बर्फावर घसरायचे स्केट्स, त्यांची पाती बर्फाच्या लाद्यांत गोठवलेली, आणि व्हायोलिनच्या आत बसवलेल्या स्पीकरमधून आधी ध्वनिमुद्रित केलेलं संगीत. ती त्याच्या साथीने वाजवायची आणि बर्फ वितळून तोल जाईपर्यंत प्रयोग चालायचा. वेळ किती, शेवट कुठे, ताण कशात, या तिन्ही प्रश्नांना बर्फाने उत्तर दिलं. १९७७ मध्ये तिने व्हायोलिनच्या गजाला घोड्याच्या केसांऐवजी ध्वनिमुद्रित चुंबकीय फीत लावली आणि घोडीवर टेपचं हेड बसवलं. गज पुढे ओढला की शब्द सुलटा, मागे ओढला की उलटा. तिचं बरंचसं पुढचं काम अशा एकेका सुट्या कल्पनेतून बांधलेलं आहे. १९८३ मध्ये ब्रुकलिन अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये दोन रात्रींत मिळून आठेक तासांचा जो प्रयोग तिने केला, तो असे तुकडे एकत्र गुंफूनच झाला.

तुमच्या संचासाठी वेळ ठरवणारी एक वस्तू निवडा: वितळणारा बर्फ, गळणारं भांडं, जळणारी उदबत्ती, भरत जाणारी बादली. निवडली की घरी तीन वेळा घड्याळ लावून मोजा आणि तिन्ही वेळा खोलीचं तापमान व पंख्याचा वेग लिहून ठेवा. वातानुकूलित सभागृहात बर्फ वितळायला घरापेक्षा खूप जास्त वेळ लागतो, आणि मे महिन्यात उघड्यावर तो तुमचं दुसरं गाणं संपायच्या आत पाणी झालेला असतो. उदबत्ती झुळुकीत भराभर जळते आणि बंद सभागृहात धुराचा इशारा वाजवते. पाणी गळायचं असेल तर भोकाचा आकार खिळ्याच्या नंबरानुसार ठरवा आणि तोच खिळा डब्यात ठेवा. वहीत ‘लहान भोक’ एवढंच लिहून भागत नाही.

घसा

प्रायोगिक गायन म्हणजे घशाशी वाटेल तसं वागायची मुभा, असा समज आहे. जास्तीत जास्त टोकाचा आवाज काढणाऱ्या डायमांडा गॅलस यांनी बेल कांतो, म्हणजे ऑपेराच्या जुन्या इटालियन पद्धतीचं, शिक्षण घेतलेलं आहे. १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट जॉन द डिव्हाइन या कॅथीड्रलमध्ये एड्सच्या साथीवरचा त्यांचा प्रयोग झाला. त्यातल्या किंकाळ्या अंगावर येतात, पण त्यांच्याखाली श्वासाचा जो आधार आहे तो शिस्तीतून आला आहे.

किंचाळण्याच्या तंत्राची खूण अशी की प्रत्यक्ष घशातून निघणारा आवाज फार मोठा नसतो. खरखर खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या खोट्या स्वरतंतूंच्या कंपनातून येते, आणि जोर माइक व ध्वनियंत्रणेचा असतो. नवखा माणूस उलट करतो. तो खरे तंतू एकमेकांवर दाबून मोठा आवाज काढतो आणि तिसऱ्या गाण्यात त्याचा वरचा सप्तक जातो. सरावात तपासायची सोपी रीत: किंचाळी संपताच लगेच मध्य सप्तकातला एक स्वर हळू आवाजात ‘ऊ’कारात धरा. तो स्वच्छ लागला तर ठीक. आधी हवा आणि मग स्वर आला, किंवा स्वर मध्येच तुटला, तर त्या दिवसापुरतं ते तंत्र बंद. दुखलं तर अर्थातच बंद.

प्रयोगाआधीची तयारी पंचवीस मिनिटांची धरा. पहिली पाच मिनिटं पाण्याच्या बाटलीत स्ट्रॉ दोन ते पाच सेंटिमीटर बुडवून त्यातून बुडबुडे काढत स्वर धरायचा. स्ट्रॉमुळे तोंडात मागे दाब तयार होतो आणि तंतू कमी आपटत कंप पावतात. नंतर पाच मिनिटं ओठ फडफडवत खालून वर, वरून खाली. मग दहा मिनिटं खर्ज. हिंदुस्थानी गायक पहाटे करतात तोच, कारण ज्यांना यंत्राने आवाज खाली उतरवायचा आहे त्यांनाही मूळ आवाजात वजन लागतंच. शेवटची पाच मिनिटं त्या दिवशी म्हणायच्या मजकुरावर, निम्म्या जोरात. किंचाळीची रंगीत तालीम ग्रीनरूममध्ये करू नका.

घसा बधिर करणारे फवारे आणि तीव्र मेन्थॉलच्या गोळ्या प्रयोगाआधी टाळा. त्या दुखणं बरं करत नाहीत, नुसतं कळू देत नाहीत. घोगरेपणा दोन आठवड्यांहून जास्त राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून दुर्बिणीने तंतू तपासून घ्या. काढे तपासणी झाल्यावरही घेता येतील.

कानांचंही तेवढंच. ८५ डेसिबलला आठ तास ही सर्वसाधारण मर्यादा धरतात, आणि दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो. म्हणजे १०० डेसिबलला फक्त पंधरा मिनिटं. छोट्या क्लबात मॉनिटरसमोर, म्हणजे गाणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरसमोर, १०० सहज होतात.

माइक ते स्पीकर: तारेचा रस्ता

माइक साधा डायनॅमिक घ्या, शुअर एसएम५८ सारखा. तो पडला तरी चालतो, जवळजवळ प्रत्येक ठिकाणी मिळतो, आणि त्याचा आवाज ध्वनितंत्रज्ञाला पाठ असतो. ओठ जाळीच्या अगदी जवळ नेले की खालचा आवाज फुगतो. कुजबुजीसाठी हा परिणाम मुद्दाम वापरा आणि मोठ्या आवाजाला पंधरा सेंटिमीटर मागे या. माइकची जाळी मुठीत धरणं दिसायला छान, पण त्याने माइक एका बाजूचा न राहता सगळीकडचं ऐकायला लागतो, कारण मागच्या आवाजाला रद्द करणारी हवेची वाट मुठीखाली बुजते. मग शिट्टी. मॉनिटर एसएम५८ च्या बरोबर पाठीमागे ठेवा. सुपरकार्डिऑइड (समोरचं आणखी अरुंद पट्ट्यातून ऐकणारा) माइक असेल तर तो ठीक मागच्या बाजूलाही थोडं ऐकतो, म्हणून मॉनिटर तिरपा, मागून एका बाजूला.

आता सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक. गिटारच्या पेडलमध्ये माइक थेट घालतात. माइकचा सिग्नल फार क्षीण असतो आणि पेडलला गिटारचा उच्च इम्पिडन्सचा सिग्नल अपेक्षित असतो, त्यामुळे आवाज बारीक येतो आणि तो वाढवला की सोबत फुसफुस वाढते. मध्ये माइक प्रीअँप, म्हणजे क्षीण सिग्नल वाढवणारं यंत्र, हवाच, किंवा बॉस आरसी-५०५ सारखा टेबलावरचा लूपर (गायलेला तुकडा भरून तो पुन्हा पुन्हा वाजवणारं यंत्र), ज्यात एक्सएलआर इनपुट आणि पाच ट्रॅक आहेत.

क्रम असा: माइक, प्रीअँप, कॉम्प्रेसर (लहान-मोठा आवाज सारखा करणारा), स्वर उतरवणारं यंत्र, लूपर, त्यानंतर डिले (प्रतिध्वनी) आणि रिव्हर्ब (घुमारा). लूपरच्या आधी असलेला परिणाम लूपमध्ये कायमचा कोरला जातो, लूपरनंतरचा सगळ्या थरांना एकदम लागतो. रिव्हर्ब आधी लावून चार थर चढवले की चिखल होतो. उलट, एखाद्याच थराला विकृत करायचं असेल तर ते यंत्र आधीच हवं.

डिलेची वेळ कानाने शोधत बसू नका. साठ हजाराला लयीच्या आकड्याने भागा, मिलिसेकंद मिळतात. मिनिटाला १२० ठोक्यांना एक ठोका ५०० आणि ठिपक्याचा अष्टमांश, म्हणजे पाऊण ठोका, ३७५. ९० ला एक ठोका ६६७ आणि ठिपक्याचा अष्टमांश ५००. लॅपटॉप वापरणार असाल तर ४८ किलोहर्ट्झला १२८ नमुन्यांचा बफर म्हणजे एका दिशेने पावणेतीन मिलिसेकंदांच्या आसपास उशीर. २५६ ला सव्वापाच. आत जाताना एकदा, बाहेर येताना एकदा, शिवाय यंत्राचा स्वतःचा. बेरीज दहाच्या वर गेली की स्वतःचा आवाज कानात मागून येतोय असं वाटायला लागतं आणि गाणारा नकळत लय ओढतो.

वस्तूचा आवाज उचलायला २७ मिलिमीटरची पिएझो चकती पुरते. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या गल्ल्यांत ती किरकोळ किमतीत मिळते. शिल्डेड तार डागा, जोडावर गरम गोंद लावा, चकती वस्तूला दुतर्फी चिकटपट्टीने दाबून बसवा. नेहमीच्या लाइन इनपुटला ती पत्र्यासारखी वाजते. एक मेगाओहम इनपुटचा सक्रिय डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला चालेल असा करणारी छोटी पेटी) लावला की खालचा आवाज परत येतो. ओल्या वस्तूवर लावायची असेल तर आधी फुग्याच्या रबरात गुंडाळा. आणि डाग लावताना सोल्डरिंग आयर्न दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त टेकवू नका, चकतीवरचा चांदीचा थर उडतो.

समेवर पाय

लूपर हे यंत्र पाश्चात्त्य असलं तरी त्यातली मुख्य अडचण आपल्याकडच्या कुठल्याही तबलजीला कळेल: आवर्तन समेवर बंद होत नाही. बोट किंवा पाय शब्दाच्या शेवटी पडतो, तर तो पुढच्या समेवर पडायला हवा. अर्धा-पाऊण दशांश सेकंद उशीर झाला तरी लूप लंगडतो, आणि तो लंगडेपणा आता दर आवर्तनात ऐकू येणार. उपाय असा की पाय दाबताना तोंडाने पुढच्या आवर्तनाचं पहिलं अक्षर म्हणायची सवय लावा. मिनिटाला ९० ठोक्यांच्या लयीत सोळा मात्रांचं आवर्तन १०.६७ सेकंदांचं होतं, रूपकच्या सात मात्रांचं ४.६७ सेकंदांचं. सात मात्रांचा लूप इथे फार कामाचा आहे. चारच्या पटीतला लूप ऐकणाऱ्याला तिसऱ्या फेरीत पाठ होतो, सातचा होत नाही. यंत्राची आपोआप लयीत बसवण्याची सोय मात्र आधी बंद करा, नाहीतर ते सातला आठ करून टाकेल.

एकाच आवाजाचे थर चढवले की सगळे साधारण २०० ते ५०० हर्ट्झमध्ये एकमेकांवर आदळतात. म्हणून पहिला थर सप्तकभर खाली उतरवून बेसच्या जागी ठेवा, बाकीच्यांना १२० हर्ट्झच्या खाली कापा, आणि एक थर निव्वळ श्वासाचा किंवा व्यंजनांचा असू द्या. चारच्या वर थर सहसा लागत नाहीत. अँडरसनच्या ‘ओ सुपरमॅन’ला, जे १९८१ मध्ये ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेलं, पायाशी फक्त ‘हा’ हे एक अक्षर आहे. इव्हेंटाइड हार्मोनायझरवर फिरवलेलं, आठ मिनिटांहून जास्त.

प्रेक्षकांसमोर शून्यापासून थर चढवत नेण्याची करामत संपूर्ण संचात एकदाच करा. दुसऱ्यांदा केली की लोकांना पुढचं दिसायला लागतं आणि ते मोबाइल काढतात. बाकीच्या तुकड्यांना आधार आधीच भरून ठेवलेला चालतो. ‘सगळं लाइव्हच झालं पाहिजे’ हा हट्ट लूपर विकणाऱ्यांच्या जाहिरातीतून आलेला आहे, कलेतून नाही.

मॉनिटर मोठा असेल तर लूपमध्ये आणखी एक रोग शिरतो. दुसरा थर घेताना माइक मॉनिटरमधून वाजणारा पहिला थरही ऐकतो आणि तो पुन्हा आत भरतो. चौथ्या थराला सगळं गढूळ. कानात घालायचे मॉनिटर वापरा. नसतील तर थर घेताना मॉनिटर अर्ध्यावर आणायची खूण ध्वनितंत्रज्ञाशी आधी ठरवा. हलत-नाचत गाणाऱ्यांनी हातातला माइक सोडून डोक्याला बसणारा घ्यावा. १९७९ मध्ये ब्रिटिश गायिका केट बुशच्या दौऱ्यात असा तयार माइक हवा तसा मिळत नव्हता, तेव्हा ध्वनितंत्रज्ञाने कपड्यांच्या हँगरची तार वाकवून बिनतारी माइक तिच्या डोक्याला बसवला. आज तो दुकानात मिळतो, फक्त घामापासून वाचवायला त्याच्या तारेला कानामागे छोटी गाठ मारा, म्हणजे घाम माइकच्या तोंडापर्यंत ओघळत न जाता गाठीवरून खाली टपकतो.

वीज

इथे गंमत नाही. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. स्पीकरमधून ‘हूं’ येत असेल तर ती ५० किंवा १०० हर्ट्झची गुणगुण बहुधा अर्थिंगच्या वर्तुळामुळे असते: तुमचं टेबल एका सॉकेटवर आणि मिक्सर दुसऱ्या. तुमची सगळी यंत्रं एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर घ्या, तो बोर्ड मिक्सरच्याच विजेवर लावून मागा, आणि मध्ये ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स टाकून त्याचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा. बटण फक्त डीआयवरचं. गुणगुण जावी म्हणून प्लगची तिसरी पिन मोडणं किंवा तीन पिनांच्या प्लगला दोन पिनांचा जोड लावणं म्हणजे ओठांवरच्या माइकमध्ये वीज येण्याची सोय. हॉलमध्ये पोचल्यावर मल्टिमीटरने न्यूट्रल आणि अर्थमधला दाब मोजा. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर ठीक. जास्त असेल, किंवा माइकला ओठ लावताना मुंग्या आल्या, तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत प्रयोग थांबवा.

संचात पाणी असेल तर ते आणि वीज यांच्यात किमान दोन मीटर अंतर, जमिनीवरच्या सगळ्या जोडण्या उंचावर, पाण्याखाली कडा असलेला ट्रे, आणि बोर्डाच्या आधी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच. बर्फाचं पाणी ट्रेमध्ये किती जमतं तेही मोजून ठेवा. अर्ध्या लादीचं पाणी लोकांना वाटतं त्याच्या दुप्पट निघतं.

प्रयोगाची बांधणी

गाणं आणि बोलणं यांची सरमिसळ करून तासभर एकट्याने माणसं धरून ठेवायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. नारदीय कीर्तनात नमन, मग विचार मांडणारा पूर्वरंग, मध्ये नामगजर, आणि मग आख्यानाचा उत्तररंग. मधला गजर कशासाठी असतो ते पाहण्यासारखं आहे. डोकं चालवून थकलेल्या श्रोत्याला तिथे काहीच समजून घ्यावं लागत नाही. प्रायोगिक संचांत नेमकी हीच जागा नसते, म्हणून विसाव्या मिनिटाला लोक चुळबुळतात.

एक चालणारी आखणी: पहिली तीन-चार मिनिटं माइकशिवाय, उघड्या आवाजात. सभागृहाला तुमचा खरा आवाज कळला की पुढची मोडतोड मोडतोड म्हणून कळते. मग आठेक मिनिटं लूपचा तुकडा. मग सहा मिनिटं बोलणं, उतरवलेल्या आवाजात. अँडरसन पुरुषी आवाजातल्या बोलण्याला ‘ऑडिओ ड्रॅग’ म्हणायची. चार-पाच सेमिटोनपर्यंत (अर्धस्वरांपर्यंत) उतरवलं तर शब्द कळतात, त्याखाली जाताना वाक्यं आखूड करा आणि ‘स’, ‘श’ कमी असलेले शब्द निवडा. विसाव्या मिनिटाच्या आसपास यंत्रं बंद आणि फक्त शरीर व वस्तू, तीन-चार मिनिटं. नंतर सगळ्यात मोठा आवाज, दहा-बारा मिनिटं. उरलेला वेळ वस्तू संपवेल.

बोलण्याचा मजकूर दुसऱ्याचा असेल तर भारतात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून मोजून. बा. सी. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेल्या कविता २०१७ पासून मोकळ्या आहेत. अरुण कोलटकर २००४ मध्ये गेले, तिथे परवानगी लागेल. जनाबाईचे अभंग कुणाचेही, पण एखाद्या गायिकेने गायलेल्या अभंगाचं ध्वनिमुद्रण तुमचं नाही. ते कापून लूपमध्ये घालायचं तर कंपनीची परवानगी हवी.

प्रेक्षक आणि शरीर

प्रेक्षकाच्या हातात काही द्यायचं ठरवलं तर त्याआधी दोन जुने प्रयोग नीट समजून घ्या. योको ओनोने १९६४ मध्ये क्योतोत स्टेजवर बसून लोकांना एकेक करून येऊन आपले कपडे कात्रीने कापायला सांगितलं. मरीना अब्रामोविच १९७४ मध्ये नेपल्सला सहा तास निश्चल राहिली, टेबलावर ७२ वस्तू, त्यांत बंदूक आणि गोळी. शेवटी बंदूक तिच्यावर रोखली गेली. सभ्य लोकांचा जमाव हळूहळू धीट होत जातो, पहिल्या दहा मिनिटांवरून पुढचं ठरवता येत नाही.

म्हणून प्रत्येक प्रयोगात तुमच्या बाजूचा एक माणूस फक्त थांबवण्यासाठी हवा. त्याच्याकडे कॅमेरा नको, तिकिटांचं काम नको. दोन खुणा ठरवा: एक तुमच्याकडून त्याला, एक त्याच्याकडून प्रकाश टाकणाऱ्याला. त्याने खूण केली की सभागृहातले दिवे लागलेच पाहिजेत, चर्चा नंतर. धारदार वस्तू, आग, काच आणि रक्त यांतलं काहीही असेल तर जागेच्या व्यवस्थापकाला लेखी कळवा. लपवून केलेला धक्का एकदाच देता येतो आणि मग त्या गावात दुसरी जागा मिळत नाही.

कागद

एका पानाचा टेक रायडर, म्हणजे तांत्रिक गरजांचा कागद, पुरतो. वरून दिसणारा स्टेजचा नकाशा, त्याखाली इनपुटची यादी: एक आवाज, एक्सएलआर. दोन आणि तीन लूपर, डाव्या-उजव्या बाजूचे डीआय. चार पिएझो, सक्रिय डीआय, फँटम (मिक्सरने तारेतून पुरवलेली वीज) लागतं. मग वेळा: मांडणी १५ मिनिटं, लाइन चेक १०, आवरणं ५. ‘चांगली साउंड सिस्टीम हवी’ असलं काही लिहू नका. फोन नंबर लिहा.

महाराष्ट्रात तिकीट लावून सार्वजनिक प्रयोग करायचा तर पोलिसांचा परवाना लागतो. बहुतेक ठिकाणी जागेचा व्यवस्थापक तो घेतो, पण घेतला आहे का ते विचारा. प्रयोग नाटक म्हणून लावत असाल तर रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे संहिता द्यावी लागते. उत्स्फूर्त बोलणाऱ्यांनीही बोलायच्या गोष्टींचा मसुदा तयार ठेवावा. उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, म्हणून उघड्यावरच्या संचाचा मोठा भाग नऊच्या आत घ्या.

जागांची निवड आवाजापेक्षा शांततेवर करा. पुण्यातलं सुदर्शन रंगमंच, मुंबईत एनसीपीएचं एक्सपरिमेंटल थिएटर किंवा पृथ्वी अशा जागांत माइकशिवायची पहिली चार मिनिटं शेवटच्या रांगेपर्यंत पोचतात. क्लबात बारची बर्फ फोडण्याची यंत्रं ती खातात. क्लबात खेळायचंच असेल तर उघड्या आवाजाचा भाग काढा आणि थेट लूपपासून सुरू करा. दृश्यकलेच्या बाजूने येणाऱ्या परफॉर्मन्सला गोव्यात एचएच आर्ट स्पेसेससारखी घरं आहेत, डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी महोत्सव असतो. तिथे अर्ज करताना गाण्यांची यादी पाठवू नका. वस्तू कोणती, ती काय करते, किती वेळ, हे दीडशे शब्दांत लिहा आणि सोबत एकाच जागी ठेवलेल्या कॅमेऱ्याने न तोडता घेतलेली तीन मिनिटं पाठवा. त्या चित्रफितीत मिक्सरचा आवाज आणि सभागृहात ठेवलेल्या रेकॉर्डरचा आवाज मिसळा. नुसत्या मिक्सरच्या आवाजात पाण्याचा थेंब आणि प्रेक्षकांची शांतता येत नाही.

पैशांचं: स्वतः लिहिता आणि स्वरबद्ध करता तर आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी संस्था) सदस्यत्व घ्या आणि प्रत्येक रचना नोंदवा. सदस्य होऊन रचना न नोंदवणारे बरेच असतात आणि मग रॉयल्टी का येत नाही म्हणून बसतात. ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी, म्हणजे त्याचा ओळख क्रमांक, हवा, वितरक बहुधा तो देतो. लोककला आणि शास्त्रीय कलांच्या सादरीकरणाला दीड लाखांपर्यंतच्या मानधनावर जीएसटीची सूट आहे, ती प्रायोगिक रॉकला लागू होत नाही. मात्र वर्षाची एकूण उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीच सहसा लागत नाही.

लोकवर्गणीचा मोह झाला तर अमेरिकी गायिका अमांडा पामरचं उदाहरण दोन्ही बाजूंनी बघा. २०१२ मध्ये तिने किकस्टार्टरवर सुमारे २५ हजार लोकांकडून जवळजवळ बारा लाख डॉलर उभे केले. त्याआधीची अनेक वर्षं ती श्रोत्यांशी थेट संपर्क ठेवून होती, ती यादी नसती तर रक्कम नसती. आणि त्याच दौऱ्यात स्थानिक वादकांना बिनपैशांनी बोलावल्यावरून तिच्यावर इतकी टीका झाली की शेवटी पैसे द्यायचं ठरलं. थांबवणाऱ्या माणसाला मानधन द्या. ते अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा.

पेटी आणि वही

सगळं सामान १५ किलोंत बसवा, बहुतेक देशांतर्गत विमानांत तेवढंच चालतं. सहा मीटरच्या एक्सएलआर तारा (लागतात त्याहून एक जास्त), तीन डीआय (त्यांतला एक सक्रिय), सहा आणि सोळा अँपिअरच्या प्लगचे जोड, गॅफर टेप, डोक्याला बांधायची बॅटरी, मल्टिमीटर, दोन चकत्या, खिळा. सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या पिशवीत. लूपरमधल्या सगळ्या आठवणींची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह लूपरच्या पेटीत ठेवू नका.

प्रयोग झाल्यावर तासाभरात वही काढा. क्रमांक, जागा, तापमान, वस्तू किती मिनिटांत संपली, कुठल्या मिनिटाला पहिला माणूस उठून गेला, मॉनिटर कुठे ठेवला होता, दुसऱ्या दिवशी सकाळी खर्ज लागला की नाही. शेवटच्या रकान्यासाठी जागा रिकामी ठेवा, तो सकाळीच भरायचा.